पाटीखालची हिरवी फांदी

तीर्थरूप ताई,

नमस्कार वाकून केला आहे असं धरून चाल (प्रत्यक्ष वाकलो नाही, वाकल्यावर सरळ व्हायला हल्ली दुसऱ्याचा हात लागतो आणि तुझी भावजय खाली दुकानात बसली आहे). भाऊजींचा गुडघा कसा आहे? बरा आहे असं तू फोनवर म्हणालीस, पण मागून त्यांच्या कण्हण्याचा आवाज येत होता, म्हणून पुन्हा विचारलं. आम्ही ठीक आहोत. मी गेल्याची बातमी तुझ्यापर्यंत आली असली तर ती खरी नाही. ती कशी उठली ते सविस्तर कळवावं म्हणून लिहायला बसलो.

आमच्या चष्म्याच्या दुकानासमोर शिरीषाचं झाड आहे, ते तू पाहिलं आहेस. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या होत्या. त्यांनी गावभर माणसं नेमली आहेत. प्रत्येकाने आपल्या दारातल्या झाडाकडे वर्षभर बघायचं आणि पानं कधी गळाली, पालवी कधी फुटली, पाखरं काय करतात, ते त्यांना कळवायचं. तुम्ही बघाल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मला वेळ कुठला? बाईंनी माझ्या रिकाम्या दुकानावरून एकदा नजर फिरवली. त्यामुळे मला हो म्हणावं लागलं.

आता झाडाकडे बघणं म्हणजे मान वर करणं एवढंच काम, अशी माझी समजूत होती. पण एकदा बघायला लागलं की सुटत नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यावर भिंग चढवायचं, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचून घ्यायची आणि तेवढ्यात त्याला दाराकडे वळवून विचारायचं, त्या शेंड्यावरचं पान पिवळं दिसतंय का हिरवं? एक पेन्शनर म्हणाले, मला झाडच दिसत नाही. त्यांना मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, मोतीबिंदू निघाला. ते अजून माझे उपकार मानतात. मी शिरीषाचे मानतो.

थंडी पडली तशी पानं गळाली. झाडाचा अगदी खराटा झाला, नुसत्या वाळक्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहिल्या. पण एक फांदी, नेमकी माझ्या दुकानावरची, हिरवीगार. मला वाटलं, काहीतरी मोठा शोध लागला. बाईंना बोलावून घेतलं. त्या आल्या, फांदीकडे जेमतेम पाहिलं आणि मग माझ्या पाटीकडे बघत राहिल्या. (पाटी म्हणजे तो विजेच्या नळ्यांचा भलामोठा चष्मा. फांदी त्याला टेकलेलीच आहे.)

"ही बंद कधी करता?"

"करत नाही."

"मग दिवस लहान झाला हे हिला कळणार कसं?"

एवढं बोलून त्या गेल्या. पाटी बंद करा असं त्यांनी सांगितलं नाही, हीच पंचाईत झाली. सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. पलीकडच्या चौकात काचेच्या दरवाज्याचं नवीन चष्म्याचं दुकान झालंय, लोक माझ्याकडे येतात ते त्या पाटीमुळेच. पण बाकीच्या फांद्या निजल्या आणि हिला आपण डोळ्यांत दिवा घालून जागं ठेवलंय, हे एकदा कळल्यावर मला तिच्याखाली स्वस्थ बसवेना. मी बटण बंद केलं.

सगळ्यात आधी पाटीवरच्या पाली शेजारच्या न्हाव्याच्या दिव्यावर राहायला गेल्या. त्यांच्यामागून माझी गिऱ्हाइकं चौकातल्या दुकानात गेली. जी आली ती हळू आवाजात बोलायला लागली. न्हाव्याने दाढी करता करता कुणाला तरी सांगितलं होतं, की इतक्या वर्षांत चष्मा विझला नव्हता, वर घरात काहीतरी झालेलं दिसतंय. गल्लीच्या टोकाच्या शिवणकामवाल्या काकू थर्मासभर चहा घेऊन थेट वर आल्या. तुझ्या भावजयीला सर्दी झाली होती, त्यामुळे डोळे लाल, हातात रुमाल. काकूंनी तिला जवळ घेतलं. हिला वाटलं सर्दीची चौकशी चालली आहे, ती म्हणाली, "आता चार दिवसांत कमी होईल." काकू या धीराने थक्क झाल्या. एवढ्यात मी आंघोळ करून बाहेर आलो.

"तुम्ही आहात होय," काकू म्हणाल्या, आणि थर्मास घेऊन गेल्या. चहा आम्हाला मिळाला नाही.

पुढे ती फांदीही पिवळी पडली आणि झडली. मी फूटपाथवर उभा राहून पानं पडताना बघत होतो, तर न्हावी बाहेर आला. "याच्यासाठी धंदा बुडवलात?" मी हो म्हटलं. त्याने थोडा वेळ वर पाहिलं, मग आत जाऊन केस झाडायचा झाडू आणून माझ्या हातात दिला.

ऊन तापायला लागल्यावर सगळ्या फांद्यांना एकदम पालवी फुटली. ओळखू म्हटलं तरी आता ती फांदी वेगळी ओळखू येत नाही, आणि ताई, याचा मला का आनंद व्हावा हे मला सांगता येणार नाही. साळुंक्यांच्या एका जोडीने विझलेल्या पाटीच्या डाव्या भिंगामागे घरटं केलं आहे. आत पिल्लं आहेत. त्यामुळे पाटी लावायची म्हटली तरी आता लावता येत नाही.

भाऊजींना आणि आईला नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. बाईंना मी सगळं कळवलं. त्यांचं म्हणणं, यावरून काहीच सिद्ध होत नाही, फांदी कदाचित आपोआपही झडली असती. खात्री करायची तर पुढच्या थंडीत पाटी पुन्हा लावून बघायला हवी.

आणखी एक. तो चष्मा समोर लुकलुकत असेपर्यंत या घरात झोपायला येणार नाही, असं सांगून आई तुझ्याकडे आली, ते तुला माहीत आहेच. आता तिच्या खोलीत छान अंधार असतो, आणि खिडकीतून पिल्लांच्या चोची दिसतात. तिला पाठवून दे. पाटी तिच्यासाठी बंद केली असं सांग, झाडाचं नाव काढू नकोस. तुझी भावजय तिला पहिल्याच दिवशी खरं काय ते सांगेल, पण तोपर्यंत आईची बॅग उघडून कपाटात लागलेली असेल.