काटी काढलेली वाट

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

पोचलो एकदाचे! जामनेरहून टेम्पो पहाटे निघाला तो दुपारी इथे टेकला. पिंपळनेर मागे पडल्यावर रस्ता असा काही वळायला लागला, की सुगंधाने नवऱ्याला सोडून लोणच्याची बरणी घट्ट धरली. मी म्हटलं, चाळीस वर्षांच्या संसारात माझी किंमत आज कळली. ती म्हणाली, बरणी फुटली तर मिळत नाही, तुम्ही काय, फुटलात तरी बडबडत राहाल.

ही वही डिंपलने दिली. लेक म्हणाली, पप्पा, जन्मभर लोकांच्या विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त केल्या, आता रोज चार ओळी लिहीत जा. सातवीत शाळा सुटली, पण लिहायला हरकत काय? अख्खं दुकान मी कानावर उभं केलं. शेतकरी फोन विहिरीत धरायचा आणि मी दुकानात बसून सांगायचो, खालची बेअरिंग गेली. चुकलो तर पैसे घेत नसे. फार वेळा फुकट काम करावं लागलं नाही. पोरांना शिकवताना एकच सांगायचो: कुरकुरणारी मोटार दुरुस्त होते. आवाज न करणारी मोटार म्हणजे बंद मोटार.

घर बांधलंय ते दोन दऱ्यांच्या तोंडाशी, मधे डोंगराची सोंड. ओट्यावर बसलं की दोन्हीकडचा आवाज कानात ओतल्यासारखा येतो. संध्याकाळी वर कुठे गाय खोकली, तेही ऐकलं. शेजारच्या मळ्यातली झुंबरबाई कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आली. सुगंधाने तिला लोणचं दिलं. दोघींचं गूळपीठ जमलं, माझी सोय झाली.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

इथे येण्याचं खरं कारण सुगंधाची साखर. डॉक्टरांनी बजावलंय, रोज चाला, नाहीतर पायावर येईल. जामनेरात चालायची कुठे? बाजार समितीच्या ट्रॅक्टरांतून?

आज दोघं वाट बघून आलो. माझा उजवा गुडघा कुरकुरतो, म्हणून लोखंडी टोकाची काठी घेतली. वाट झकास आहे. पुढच्या फाटकातून निघायचं, नाल्याच्या कडेने पळसांतून चढायचं, खिंडीतून पठारावर. तिथे कमरेएवढं पिवळं गवत आणि वारा. मग दुसऱ्या दरीत उतरायचं, की थेट आमच्या परसात! म्हणजे यायला हवं. पण परसाला लागून बोरीच्या काट्यांचं कुंपण आडवं घातलेलं, इथे त्याला काटी म्हणतात. घर समोर दिसतंय, चुलीचा धूर दिसतोय आणि आत येता येत नाही. आल्या वाटेने सगळं परत. माझ्या गुडघ्याने आईबाप आठवले.

झुंबरबाईला विचारलं तर ती म्हणे, ही काटी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी घालतात, जुन्या लोकांपासून. का, ते सांगेना. एवढंच, की "जी वाटवर गयात, तीच वाटवर परत येवानं." मी म्हटलं, अक्का, जागा मी घेतली, काटीही माझीच. ती हसली नाही. म्हणाली, "बठ्ठा डोंगर तुमनाच शे भाऊ, पन ती काटी ऱ्हाऊ द्या."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

काटी काढली.

सुगंधाच कंटाळली होती. गेलं त्याच वाटेने परत यायचं म्हणजे उष्टं खाल्ल्यासारखं वाटतं, म्हणाली. बायको चालावी म्हणून मी डोंगर कापला असता, काटी काय चीज! आकडीच्या काठीने ओढून बाजूला केली, हातावर ओरखडे आले. झुंबरबाईचा नवरा तोताराम बांधावरून बघत होता. हात लाव म्हटलं, तर गुरांकडे काम आठवलं त्याला.

दुपारी सुगंधा एकटी गेली. मी ओट्यावर बसून कानाने तिच्याबरोबर चाललो. डिंपलने धाडलेले बूट ती घालत नाही, जुनी चप्पलच. डावा पाय मोडून जुळलेला, त्यामुळे तो घासतो. फट्—सर्र. फट्—सर्र. नाल्याशी, खिंडीत, पठारावर जरा वाऱ्याने पुसट, मग मागच्या दरीत पुन्हा स्वच्छ. परसातून आत आली तेव्हा घामेजलेली, गाल लाल. म्हणाली, अहो, ऐकलं का, असं गोल फिरून घरात यायला किती बरं वाटतं!

तिला इतकं खूश बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

१ डिसेंबर, रविवार

रोज फेरी चालू आहे. आजचं एक लिहून ठेवतो.

सुगंधा आली, पाय धुतले, चहा टाकला. मी ओट्यावरच होतो. आणि वर पठारावर फट्—सर्र. फट्—सर्र.

पहिल्यांदा वाटलं, दरीत आवाज घुमतो. पण घुमलेला आवाज असा चहा उकळेपर्यंत थांबून येत नाही, एवढं मला कळतं. कोणी गुराखीण असेल म्हणावं, तर डावाच पाय घासणारी? चालता चालता ती थांबली, चप्पल झटकली. खडा गेला की सुगंधा झटकते तशी, दोनदा.

आत डोकावलो. सुगंधा कपात चहा गाळत होती. बशीचा आवाज झाला नाही.

४ डिसेंबर, बुधवार

सुगंधाचा पाय बरा झाला! घासत नाही आता. मी म्हटलं, बघ, हवापाण्याचा गुण. ती नुसती हसली. एरवी एवढ्यावर तिने मला डॉक्टर म्हणून दहा टोमणे मारले असते.

डिंपलचा फोन होता. पंधरा तारखेला, रविवारी येतेय, नातीला घेऊन. आजीबरोबर गोल फिरायचंय म्हणून छोटी पूनम नाचतेय. सुगंधा फोनवर लेकीशी छान बोलली. मी शेजारी बसून ऐकत होतो. सगळं बरोबर होतं. नेमकं काय चुकतंय ते हाताला लागेना.

मग लागलं. ती घरात कुठे आहे, हे मला डोळ्यांनी शोधावं लागतंय. चाळीस वर्षं मी ते कधी केलं नव्हतं. भांडी वाजत नाहीत. रात्री घोरत नाही. फरशीवर पाऊल पडताना दिसतं, ऐकू येत नाही.

वरचा आवाज मात्र चालू आहे.

६ डिसेंबर, शुक्रवार

सुगंधाने फिरायला जाणं सोडलं. विचारलं तर म्हणाली, झालं की आता. दिवसभर परसाच्या दाराशी बसते, पठाराकडे तोंड करून.

आणि वर ती चालतेच आहे. नाला, खिंड, पठार, मागची दरी. परसाशी आली की वाटतं आता शिरेल आत. शिरत नाही. आवाज घरावरून गेल्यासारखा पुढच्या फाटकाशी जातो, पुन्हा नाला. पाऊल जड झालंय. दमली की ती आखाजीचं गाणं गुणगुणते, तशी गुणगुणत होती. मधेच थांबून म्हणाली, अहो.

मी ओ दिली. तोंडातून आपसूक गेली. आतून सुगंधाने विचारलं, कोणाला ओ देताय?

७ डिसेंबर, शनिवार

झुंबरबाई येईनाशी झाली होती, मीच तिच्या मळ्यात गेलो. मला बघून तिने पदर तोंडाला लावला.

तिची सासू तशीच गेली म्हणे. त्या वर्षी काटी पावसाने वाहून गेली होती. गोल वाटेला शेवट नाही, चालणाऱ्याला उतरायचं कुठे ते कळत नाही. तो फिरतच राहतो. घरी भलतंच येतं, त्याच लुगड्यात. मी विचारलं, मग घरात जी आहे ती कोण? ती म्हणाली, "घर कोन ऊनी ते इचारू नका भाऊ. वर कोन फिरी ऱ्हायनी ते ऐका."

उपाय विचारला. गाठायचं, हात धरायचा, आणि गेल्या वाटेने पुढच्या फाटकातून परत आणायचं. परसातून नाही. काही झालं तरी परसातून नाही. तिच्या सासऱ्याने केलं होतं का असं? तिने तोतारामकडे बघितलं. तोताराम म्हणाला, बा गयेल व्हतात. बस, एवढंच.

पंधरा तारखेच्या आत तिला आणलं पाहिजे. पूनम येऊन आजीचं बोट धरून—नको.

९ डिसेंबर, सोमवार

जाऊन आलो.

जेवण झाल्यावर निघालो, काठी घेऊन. घरातलीने अडवलं नाही. फाटक उघडून दिलं.

ती पुढेच होती. खिंडीच्या धुळीत डाव्या पायाचा घासलेला पट्टा दिसला, ताजा. ओरडलो, सुगंधा, थांब! थांबली. पठारावर पळालो तर नुसतं गवत, आणि फट्—सर्र पुढच्या उतारावर. हाका मारून घसा बसला. मागच्या दरीत ती अगदी जवळ, हाताच्या अंतरावर, श्वास ऐकू येत होता. उतार धावत उतरलो मी. हात पुढे केला—

परसात होतो.

कळलंच नाही कधी आलो. सुगंधा दाराशी उभी, हातात तांब्या. म्हणाली, आलात? बरं झालं.

तिला आणता आलं नाही. उद्या पुन्हा.

१० डिसेंबर

गुडघा दुखत नाहीये. काल एवढा धावलो तरी.

भूक नाही. झोप शांत. वर जायचं होतं, गेलो नाही. का, ते आठवत नाही. दिवसभर दोघं परसाच्या दाराशी बसलो. बरं वाटलं.

हे बरं वाटणं मला आवडत नाही.

११ डिसेंबर

फट्—सर्र. आणि त्याच्यामागे—

ठक. ठक.

लोखंडी टोक दगडावर.

माझी काठी कोपऱ्यात असते. कोपरा रिकामा. वर विसरलो असेन, असं म्हणालो स्वतःशी. पण काठी चालत नाही. उजव्या गुडघ्यात कट् असं वाजतंय, मग ठक. ती कुरकुर मी झोपेतही ओळखीन.

तो माणूस सुगंधाला हाका मारतोय. घसा बसलाय त्याचा.

१२ डिसेंबर

भेटले.

खिंडीपाशी. ती रडली, मग त्याला बोलली, एवढा उशीर लावतात का म्हणून. तो म्हणाला, फुटलो नाही अजून, बडबडतोय बघ.

हे मला सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही.

१३ डिसेंबर

ते वळले. परसाकडे येत नाहीत. खिंडीतून मागे, नाल्याच्या वाटेने. हात धरलाय. पावलं एकाच्या लयीत दुसरं, सावकाश, तिचा पाय, त्याचा गुडघा. गेल्या वाटेने.

पुढच्या फाटकाकडे.

सुगंधाने परसातली बोरीची काटी उचलली. अंगणातून ओढत नेतेय पुढे. काट्यांचाही आवाज नाही.

परवा डिंपल येईल. पूनम फाटकातून पळत येईल. तिला उचलून कोण—

मी इथे बसून लिहितोय. अक्षर माझंच आहे. सातवी, दुकान, डिंपल, सगळं आठवतंय. मग मी—

पळसांपर्यंत आले. फट्—सर्र. ठक.

सुगंधा बोलावतेय. एक हात लावा म्हणते. एकटीला काटी फाटकात लावता येत नाही.

नाही जाणार. काटी उलट ओढीन, त्यांना येऊ दे, लेक त्यांची—

पण ते आत आले तर मी कुठे—

नाल्याशी. तो म्हणतोय, चल, घर आलं.

वही हातात धरूनच उठलो. पाऊल टाकलं. फरशीवर आवाज

पुन्हा टाकलं, जोरात