एकच ठोसा येणाऱ्या मुलीच्या आईस

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार घालायचा होता, पण आठांपैकी एक अंग सध्या पट्टीत आहे (उजवं मनगट, कारण पुढे येईल), तरी उरलेल्या सातांवर भागवून घ्यावं. पत्र डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नये. तुमचे गुडघे कसे आहेत? मी पाठवलेल्या चष्म्यातून पेपर नीट दिसतो ना? इकडे बाबा मजेत, आई मजेत, चष्म्याचं दुकान मजेत. तुमची लेकही मजेत आहे, आणि तिच्याचबद्दल थोडं लिहायचं आहे. उभ्या असाल तर बसा.

आत्या, चिमणी आमच्याकडे राहून रक्त तपासायचा कोर्स करते हे खरं आहे. ती रोज संध्याकाळी वाचनालयात जाते हे मात्र तितकंसं खरं नाही. मला शंका आली ती वासावरून. वाचनालयातून आलेल्या माणसाला जुन्या कागदाचा वास यावा, हिला मुरगळल्यावर लावायच्या मलमाचा यायचा. शेवटी एका गुरुवारी (गुरुवारी वाचनालय बंद असतं, एवढं तरी तिने बघायला हवं होतं) मी मागोमाग गेलो. ती टायरच्या गोदामाचा जिना चढली, मीही चढलो. वर दोरांनी आखलेला चौक, छताला टांगलेली पोती, आणि त्यातल्या एका पोत्याला तुमची चिमणी असं काही मारत होती की मी दारातच त्या पोत्याची माफी मागितली.

ती बॉक्सिंग करते, आत्या. झालं, लिहून टाकलं.

तिचे कोच म्हणजे टपाल खात्यातून निवृत्त झालेले, नाक चपटं झालेले गृहस्थ. ते तिला ‘एकमार्गी’ म्हणतात, कारण तिला एकच गोष्ट येते. हनुवटी छातीशी घ्यायची, सरळ चालत समोरच्याच्या अंगाला भिडायचं, आणि डाव्या हाताचा एक ठोसा बरगड्यांखाली, यकृतावर हाणायचा. (यकृत नेमकं कुठे असतं हे तिने परीक्षेसाठीच पाठ केलं होतं, तेव्हा अभ्यासाकडे दुर्लक्ष झालं असं म्हणता येणार नाही.) मागे सरकणं नाही, हुलकावणी नाही, काही नाही. कोच कळवळून म्हणतात, “अगं बाई, उजवा हात निदान शोभेला तरी हलव!” ती मान डोलावते आणि पुन्हा डावाच हाणते. स्पर्धेच्या काही दिवस आधी एकदा तिची जोडीदारीण आली नव्हती, म्हणून मी मोठ्या तोऱ्यात समोर गादी धरून उभा राहिलो. मनगटाचं कारण ते.

गेल्या रविवारी सकाळी स्पर्धेची अंतिम लढत होती. कोचचा मदतनीस आजारी, म्हणून कोपऱ्यात बादली आणि स्टूल सांभाळायला मला उभं केलं. पहिल्या विश्रांतीला मी घाबरून त्या स्टुलावर स्वतःच बसलो, ते सोडून द्या. समोर होती एक बसचालक बाई. उंच, लांब हातांची, आणि जगातले सगळे प्रकार येणारी. चिमणी पुढे आली की ही बाजूला, चिमणी वळली की हिचा ठोसा नाकावर. अख्ख्या सभागृहाला चिमणीचा डाव माहीत होता. मागच्या रांगेतली एक आजीसुद्धा ओरडत होती, “डावीकडून येतेय गं, सांभाळ!” दोन फेऱ्या आपण सपशेल हरलो. चिमणीचं नाक फुगलं होतं. कोच गुडघ्यावर बसले आणि अगदी हळू म्हणाले, “आता तरी दुसरं काही करशील?”

“दुसरं येत नाही.”

“मग?”

“तेच करते. जरा जवळून.”

आत्या, मी आयुष्यभर लोकांचे डोळे तपासतो, पण त्या वेळी तिच्या डोळ्यांत जे दिसलं त्याचा नंबर मला काढता आला नाही. भीती नव्हती, राग नव्हता, हट्टही नव्हता. बँकेत आपला नंबर लागेपर्यंत माणूस शांत उभं राहतं ना, तसं काहीतरी होतं.

तिसऱ्या फेरीत ती पुन्हा तशीच चालत गेली. एक खाल्ला, दोन खाल्ले, चार खाल्ले. पाचव्याला मी डोळे मिटले (डोळ्यांचा माणूस, आणि नेमका तेव्हा!), म्हणून मी फक्त आवाज ऐकला. ओली गोणी ओट्यावर टाकावी तसा. डोळे उघडले तर बसचालक बाई उभीच. मला वाटलं, संपलं. मग ती विचार केल्यासारखी थांबली आणि सावकाश खाली बसली. पंचांनी दहा मोजले. माझ्या हातातली बादली कधी पडली ते मला पायमोजे ओले झाल्यावर कळलं.

नंतर ती बाई स्वतःच आली, चिमणीचा डावा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाली, “ठोसा कुठून येणार माहीत होतं. कधी येणार तेही माहीत होतं. आमच्या थांब्यावरून बस दिसते तसा दिसत होता. तरी रस्त्यातून हटता आलं नाही.” आणि दोघी गळ्यात पडून हसल्या. मी रडलो, पण ते कुणाला सांगू नका.

आत्या, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. पण एकदा येऊन तिला बघा.

तुमचा सात अंगांनी नम्र,
भाचा

ता. क. : सोबत पुढच्या स्पर्धेचा संमतीचा कागद आहे, त्यावर आईची सही लागते. मागच्या वेळी ती मीच केली होती. आता उजवा हात चालत नाही, म्हणून तुम्हाला तसदी.

ता. क. २ : कोचनी विचारलं, हा स्वभाव कुणाचा? मी म्हटलं, हिच्या आईचा. आजोबांना रोज जेवताना “मला नोकरी करायची आहे” एवढं एकच वाक्य तीन वर्षं ऐकवून तुम्ही नोकरी मिळवलीत, हे बाबा अजून सांगतात.

ता. क. ३ : तसंच एक वाक्य आता बाबांना ऐकवायचं आहे, आणि मला ते जमणार नाही. त्या बसचालक बाई या आठवड्यात तीनदा डोळे तपासायला दुकानात आल्या. त्यांची नजर उत्तम आहे, हे आम्हा दोघांनाही पहिल्याच दिवशी कळलं होतं.