हात लागला की गप्प होते

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. सगळे म्हणजे मी, माझी दोन शिलाई मशिनं आणि काज-बटणं करायला येते ती बाई, जिला सगळं मार्केट काजवाली म्हणतं. दुकान बरं चाललंय. लोक जाड होतायत, त्यामुळे कपडे उसवून मोठे करायचं काम काही संपत नाही. देव त्यांची भूक शाबूत ठेवो.

तुझं पत्र पोचलं. शेवटचं पानही वाचलं. दादाच्या मागे आता तू आणि ते ग्रंथपाल लग्न करायचं म्हणताय, मला काय वाटतं असं विचारलंयस. त्यावर सावकाश लिहिते, घाईचं काम नव्हे ते. आधी पिटुकलीच्या गिटारचं सांगते.

तू लिहिलंयस, "तिला इलेक्ट्रिक गिटार हवीय, बाबाची होती तशी जुन्या घडणीची, आणि मला झेपेल अशी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तूच निवड." जसं काही मला कळतं! दादाच्या गिटारच्या पट्ट्याला आतून मऊ अस्तर लावून दिलं होतं, एवढाच माझा संगीताशी संबंध. पण भाचीसाठी म्हटलं, गेले.

गिटारचा दुकानदार मोठा शिष्ट. मी म्हटलं, दोन शिंगांची, क्रीम रंगाची, आणि खिशाला भोक पाडणार नाही अशी दाखवा. त्याने तीन काढल्या. मी पर्समधून शिफॉनचा तुकडा काढला आणि पहिलीच्या मानेवरून कडेकडेने ओढला. तिथे त्या धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात ना, फ्रेट म्हणतात त्यांना, त्यांची टोकं घासलेली नसली तर बोटं सोलवटतात. दादाची बोटं बघितलीयत मी. तुकडा लगेच अडकला.

"बाई, हा कपडा नाही," दुकानदार म्हणाला.

"नाहीच. कपड्याला टोचत नाही," मी म्हटलं. त्यानंतर तो जरा नीट बोलायला लागला.

दुसरीवरून शिफॉन सरळ गेलं, पण ती इतकी जड की पोरीचा खांदा उतरेल. तिसरी हलकी, मान सरळ, कडा गुळगुळीत. पुढच्या पांढऱ्या पत्र्यावर प्लॅस्टिकचा कागदही तसाच, कारखान्यातून आलेला. अगदी कोरी. रंग मात्र थेट त्याच्या गिटारचा.

मग त्याने एकेक वायरने अ‍ॅम्पला, त्या आवाज मोठा करायच्या पेटीला, जोडून ऐकवली, आणि भुणभुण सुरू झाली. अगं, तो आवाज! तुझं लग्न व्हायच्या आधीचं आमचं घर डोळ्यासमोर आलं. दादा अ‍ॅम्प चालू ठेवून, गिटार खुर्चीला टेकवून चहाला उठायचा आणि घरभर ती भुणभुण. थांबली की आई आतूनच म्हणायची, "बसला." परत सुरू झाली की, "उठला." बघावं लागायचंच नाही. दुकानदारानेही तेच सांगितलं: "जुन्या घडणीची म्हटली की हे आलंच. तारांना माणसाचा हात लागला की गप्प होते. बिघाड नाही, बनावटच तशी."

पहिल्या दोघी फार भुणभुणत होत्या. तिसरी शांत निघाली. म्हणून तिसरी घेतली, सोबत एक छोटा अ‍ॅम्प. थोडे दिवस चालू ठेवून बघा, काही वाटलं तर बदलून देतो म्हणालाय. बघते आणि लगेच पाठवते.

पिटुकलीला गोड पापा. ग्रंथपालांना नमस्कार सांगितलास तरी चालेल.

तुझी नणंद


१७ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तुझं रागाचं पत्र मिळालं. "गिटार येतेय की पायी निघालीय?" हे मला आवडलं. पिटुकली रोज शाळेतून आल्यावर आधी दाराशी खोकं आलंय का बघते, हे मात्र वाचवेना.

खोकं मिळत नव्हतं, कव्हर शिवायचं होतं, कुरियरवाला आला नाही, अशी चार कारणं मी लिहून काढली होती. तो कागद फाडला. तुझ्याशी काय लपवायचं? तुझ्याएवढं दादाला कोणी ओळखत नव्हतं.

तिसरी शांत नव्हती, वहिनी.

दुकानदार तिला स्टँडवर ठेवून आत पिशवी आणायला गेला होता. ती बाकीच्या दोघींसारखीच भुणभुणत होती. आणि एकदम थांबली. तो आतून म्हणाला, "हात लावलात तरी चालेल हां, बाई." माझे दोन्ही हात पर्सवर होते. मी चांगली चार हात लांब उभी होते. थोड्या वेळाने भुणभुण परत सुरू झाली, तोही परत आला, आणि मी म्हटलं, हीच द्या.

माझ्या दुकानात आणून कोपऱ्यातल्या खुर्चीला टेकवली. अ‍ॅम्प लावला आणि मी शिवत बसले. भर दुपार, बाहेर गाड्यांचा गोंगाट, समोर बाह्या मोठ्या करायचा ढीग. तासभर भुणभुण. मग गप्प. काजवाली दातांनी दोरा तोडता तोडता म्हणाली, "बंद का केलंत? बरं वाटत होतं." मी म्हटलं, मी जागची हललेसुद्धा नाही. तिने खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि स्टूल उचलून दाराजवळ नेलं. तेव्हापासून ती तिथेच बसते. उन्हात बसून काजं करते, पण आत येत नाही.

आता म्हणशील, वायर सैल असेल. मलाही तेच वाटलं. मग तिसऱ्या तारेचं काय?

तुला आठवतं ना, दादाची तिसरी तार कायम जराशी उतरलेली असायची? सगळा बँड त्याच्या नावाने बोटं मोडायचा. हा म्हणायचा, "माझ्या कानाला ती अशीच सुरात वाटते." तू तर म्हणायचीस, हॉलच्या बाहेरूनसुद्धा कळतं हा वाजवतोय, कारण कुठेतरी काहीतरी किंचित चुकलेलं असतं. गेल्या आठवड्यात मी गिटार त्या दुकानदाराकडे नेली, म्हटलं सुरात आहे का बघा, पाठवायचीय. पाच तारा ठीक, तिसरी उतरलेली. त्याने चढवून दिली. दोन दिवसांनी परत नेली. तिसरी उतरलेली, तेवढीच.

"घरात कोण वाजवतं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही."

"कोणीतरी वाजवतंय, बाई. नवी तार उतरते, पण सगळ्या उतरतात. एकच नाही, आणि दरवेळी मोजून तेवढीच नाही."

बस नदीत गेली तेव्हा दादाची गिटार त्याच्या मांडीवर होती. तो मिळाला आपल्याला. तिचं एक चिपाडही मिळालं नाही. ही ती नाही, हे मला कळतंय गं. हिच्यावर अजून प्लॅस्टिक आहे.

काल मी हिय्या केला. भुणभुण थांबल्याबरोबर उठले, खुर्चीजवळ गेले आणि तारांना बोट लावलं. वर मानेजवळ तारा गार होत्या, सुईसारख्या. खाली, जिथे हात ठेवून वाजवतात, तेवढ्यातच कोमट होत्या. एका पंजाएवढ्या जागेत. मी बोट काढून घेतलं. ओरडले नाही. काजवाली दारातून बघत होती, तिने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

भीती वाटते का विचारशील. वाटते. दुकान उघडताना आधी दाराबाहेरून कान देते. आणि तरी सकाळी उठल्यावर आधी दुकानाचीच ओढ लागते. कोणीतरी बसायला येणार म्हणून मी त्या खुर्चीवर गादी शिवून घातली. घे, आता हस मला.

तुझ्या शेवटच्या पानाचं उत्तर मी अजून दिलं नाही, याची मला लाज वाटते. ते पान मी घरी वाचते, रस्त्याने जाताना वाचते. दुकानात काढत नाही. त्याच्यासमोर ते वाचलं तर काय होईल, हा विचार आला की पान घडी घालून ठेवते. आणि गिटार तुझ्या घरी पाठवली तर? तिथे ग्रंथपाल येतात, जेवतात, पिटुकलीच्या शेजारी बसतात. कोपऱ्यात ही गप्प होईल. तेव्हा तू काय करशील?

गिटार अजून माझ्याकडेच आहे. पिटुकलीला काहीही कारण सांग.

तुझीच


१ मार्च, रविवार

प्रिय वहिनी,

नमस्कार. तू मला वेडी म्हणाली नाहीस, त्याबद्दल आधी तुझ्या पाया पडते. तुझं पत्र तसं चार ओळींचंच. "तो तिथे असेल तर मी तुला जे विचारलं ते आधी त्याला विचारायला हवं होतं. मला जमायचं नाही. ते पान तू त्याला वाचून दाखव. आणि मग माझ्या मुलीची गिटार पाठव."

वाचून दाखवलं.

शुक्रवारी दुपारी काजवाली जेवायला गेली तशी मी दार लोटून घेतलं. अ‍ॅम्प लावला. भुणभुण सुरू झाली. मी समोर स्टूल घेऊन बसले, तुझं पान मांडीवर. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, कळलं वाटतं याला, आज येत नाही. आणि मग गप्प झाली. वहिनी, त्या शांततेला वजन होतं. गादी दबलेली दिसत होती का? खरं सांगू, मी बघितलंच नाही. मी कागदाकडे बघत होते.

मी वाचलं. ग्रंथपालांनी स्वतःहून कधी विषय काढला नाही, तूच काढलास, ते. आणि ते दुसरं: पिटुकली बाबा गेल्यापासून त्याचं नावसुद्धा घेत नव्हती; ग्रंथपालांनी एकदा सहज विचारलं, तुझा बाबा कसा वाजवायचा गं? आणि ती जी बोलायला लागली ती थांबेचना. गिटार हवी असं ती त्याच दिवशी म्हणाली. हे सगळं मी मोठ्याने वाचलं. तिकडून चकार आवाज नाही. हात तारांवर तसाच.

पान संपलं. आता माझी पाळी होती. तू मला काय वाटतं विचारलं होतंस, आणि मी महिनाभर गिटारच्या आड लपून बसले होते. मला काय वाटत होतं? मला वाटत होतं, तू लग्न केलंस की दादा पुरता गेला. तोवर तो कुणाचा तरी नवरा होता, नंतर फक्त माझा गेलेला भाऊ. स्वार्थी विचार आहे, माहीत आहे. म्हणून तर लिहवत नव्हता.

मी त्याला म्हटलं, "दादा, तिने लग्न करावं असं मला वाटतं. तू पण कर म्हण."

बाहेर कोणीतरी शटर ओढलं, मी दचकले. गिटार गप्पच. मग एक तार वाजली. हळू, एकदाच, जरा उतरलेली. आणि भुणभुण सुरू झाली.

उठला.

मी वाट बघत बसले. काजवाली परत आली, गिऱ्हाइकं येऊन गेली, मी एक पँट उलटी शिवली आणि परत उसवली. भुणभुण चालूच. कालही दिवसभर चालू. शेवटी मीच उठून तारांवर हात ठेवला. माझ्या हाताखाली ती गप्प झाली, कोणाच्याही हाताखाली होते तशी. तारा वरपासून खालपर्यंत गार. मी तशीच उभी राहून रडले, वहिनी, हात न काढता, कारण काढला असता तर ती परत भुणभुणली असती.

नंतर दुकानदाराकडे नेली. सहाच्या सहा तारा सुरात. तिसरीसुद्धा. "सोडली वाटतं वाजवायची," तो म्हणाला. मी हो म्हटलं.

गिटार आणि अ‍ॅम्प उद्या कुरियरने निघतील. कव्हर शिवलंय, आतून तेच मऊ अस्तर. त्या खुर्चीवरची गादी मी काढलेली नाही, पण काजवाली आता आत बसते. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: हो. मनापासून हो. लग्नाला मी येणार, आणि तुझे कपडे मीच शिवणार. माप पाठव, आणि खरं पाठव, उगाच कंबर बारीक सांगू नकोस.

खोकं बांधताना काजवालीने एक विचारलं. "ताई, उठले ते बरंच झालं. पण उठून गेले कुठे हो?" मी दोरीची गाठ आवळली. आता तुला लिहिताना उत्तर सुचतंय, आणि लिहावं की नाही ते कळत नाही. त्याला ग्रंथपालांचं कळलं, पिटुकलीचं कळलं. तुझ्या नव्या घराचा पत्ता, तू प्रत्येक पानावर लिहितेस तसा, वरच होता. तोही मी मोठ्याने वाचला होता.

पिटुकलीला सांग, ती भुणभुण म्हणजे बिघाड नव्हे. तारांना हात लावला की गप्प होते. आणि कधी हात न लावताच गप्प झाली, तर तू ओरडू नकोस, तिला तिथून उठवू नकोस. फक्त तिसरी तार बघ. उतरलेली असली तर चढवू नकोस. तशीच राहू दे, आणि मला कळव.

तुझी, आणि अजून त्याचीही,
धाकटी