मष्णूच्या सुटकेचा अर्ज

१८ ऑगस्ट १९४२, मंगळवार. सकाळ.
वडगावची मालुबाई रडत आली. तिचा नवरा मष्णू विणकर. आमच्या घरची लुगडी त्याच्याच मागावरची. काल त्यानं गल्लीत ताणा पसरला होता. सुताला खळ लावायला आठ माणसं लागतात. सध्या चारपेक्षा जास्त जमायला बंदी. फौजदारानं मोजली, आठ भरली. मष्णू म्हणाला, “साहेब, चौघात सूत तुटतंय की वो.” उलट बोलला म्हणून त्यालाच चौकीत नेलं. आरोप नाही, खटला नाही. डिफेन्स ऑफ इंडिया रूल्समध्ये नुसता संशय पुरतो.
वकील म्हणून हा माझा अपमान आहे! कोर्टच नाही तर मी उभं कुठं राहायचं? मालुबाईला शब्द दिला, तीन दिवसांत मष्णू घरी. उद्याच कलेक्टरला तोंडावर सुनावणार.

१९ ऑगस्ट.
गेलो नाही. काळा कोट धोब्याकडे. शिवाय बोललेलं विरतं, लिहिलेलं राहतं. म्हणून अर्ज लिहिला. ‘हा कायदा जुलमी आहे.’ लतिकेला मोठ्यानं वाचून दाखवला. आधी खिडक्या लावून घेतल्या, वारा फार होता. ती म्हणाली, पानसुद्धा हलत नाहीये. बायकोला हवामानातलं कळत नाही.

२१ ऑगस्ट.
‘जुलमी’ काढून ‘जाचक’ घातलं. जास्त नेमकं. सह्यांसाठी बाररूममध्ये गेलो. मारुतीराव वकिलांनी शंका काढली, पाच जणांनी एका कागदावर सह्या केल्या तर तो जमाव होतो का? दिवसभर नियम चाळले. उत्तर नाही. शेवटी चारच घ्यायच्या ठरल्या. मी पेन पुढं करताच तिघांना पक्षकार आठवले.
हरकत नाही. एकट्याची सही उठून दिसते.

२४ ऑगस्ट, सोमवार.
‘जाचक’ऐवजी ‘कडक’. संध्याकाळी मालुबाई आली. तीन दिवस झाले असं म्हणाली नाही, नुसती उंबऱ्याशी उभी राहिली. अशानं माणसाला काम सुचत नाही. मग विचारलं, “वकीलसाहेब, आमी चौघीच बायका चौकीम्होरं बसलो तर चालतंय न्हवं?” मी म्हटलं, चौघी म्हणजे कायद्यानं जमाव नव्हे. निव्वळ कायदेशीर मत दिलं.

२७ ऑगस्ट, गुरुवार. दुपार.
घात! वडगावच्या बायका सकाळपासून चौकीसमोर बसल्यात. चौघीच. तासानं त्या उठतात, दुसऱ्या चौघी बसतात. फौजदार मोजतो, चारच भरतात. हे यांना शिकवलं कुणी, असं विचारतोय म्हणे. मी कोर्टातून मागच्या वाटेनं घरी. घरी लतिका नाही! अकरा वाजताच्या चौघींत तीही होती. आल्यावर म्हणाली, “सकाळी तुम्हाला सांगूनच गेले होते. तुम्ही अर्ज खोडत होता.”
बसवत नाही. अंगणात अठरा फेऱ्या मारल्या. रस्त्यात बूट वाजले की फेरी स्वयंपाकघराकडे वळते.

२८ ऑगस्ट. सकाळ.
अर्ज कलेक्टर कचेरीत पोचवला. माझ्यावरच संशय आला तर मष्णूसाठी लढायचं कुणी? म्हणून सुरुवात नरम ठेवली. ‘शांततेसाठी मष्णू विणकरास अटकेत ठेवणे योग्यच आहे. तथापि...’ तथापिच्या पुढचं तूर्त काढलं. एकदम सगळं सांगितलं की साहेब लोक वाचत नाहीत. दुसऱ्या अर्जात लिहीन. खाली ‘वकील’ स्वच्छ आलं, सही थोडी गिचमिड झाली. मोठ्या माणसांची तशीच असते.

३ सप्टेंबर, गुरुवार.
मष्णू सुटला! अर्जाला सहा दिवसांत फळ. लतिकेला घेऊन वडगावला गेलो, आभार मानायला त्यांना इतक्या लांब यायला नको म्हणून. मष्णू पार वाळलाय. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. माग बंद.
मीच विषय काढला, कागदाचा काही उपयोग झाला का? मष्णू म्हणाला, “कागदानंच तर घात केला, साहेब. बायकास्नी बघून फौजदार वैतागलाच व्हता. शनवारी सोडतो म्हनला. तवर कलेक्टरकडनं कुना वकिलाचा कागद आला, आत ठेवलंय त्ये योग्यच हाय म्हनून. मग आनि पाच दिस ठेवलं. हात त्याच पाच दिसांत ग्येला.”
मालुबाई म्हणाली, “सही वाचाय येत न्हाई म्हनं. तुमी कोर्टात आसताय. कोन त्यो, तेवडं शोधून द्या.”
लतिका माझ्याकडं बघत होती.
शोधतो म्हणालो.