आप्पांच्या पद्धतीनं छाटणी

शनि. ७ फेब्रु.
ऊन पडलं, पण नावालाच. मागच्या अंगणात बर्फ घोट्यापर्यंत. ब्लॅककरंटची, काळ्या बारीक आंबट फळाची, तिन्ही झुडपं म्हणजे नुसत्या काड्या. उद्या छाटणी. आप्पांनी बजावून ठेवलंय, ते फोनवर असल्याशिवाय कात्री लावायची नाही. तासगावात जन्मभर द्राक्षं केलेले माझे वडील, त्यांच्यापुढे मी काय बोलणार.

रवि. ८ फेब्रु.
झाली. एका हातात फोन, दुसऱ्यात कात्री, बोटं बधिर. तिकडे संध्याकाळ, आप्पा मफलर गुंडाळून ओट्यावर. "दोन डोळं ठेव आन् वरचं उडव. भिऊ नगंस." मी काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजत उडवत गेले. कापलेल्या काडीला उग्र वास येतो, बोका फिरून गेल्यासारखा. तसं सांगितलं तर खो खो हसले. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना ऐकलं नव्हतं.
जुलैत नक्की ना, विचारलं. फळ बघायलाच येणार म्हणाले.

सोम. ९ फेब्रु.
दर वर्षी इथे यायचं टाळतात. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मधे फवारण्या. आता बाग चुलतभाऊ संतोष बघतो, तरी यांचा पाय निघत नाही. मी जावं तर व्हिसाचं हे असं. गेले तर परत येऊ देतील याचा भरवसा नाही.
खरं तर झुडपं लावली ती त्यांना इकडे आणण्यासाठीच. आमिष म्हणून. ते आंबट फळ मला स्वतःला धड आवडतही नाही. पण मागच्या उन्हाळ्यात पहिल्या घडांचा फोटो पाठवला, तेव्हा "मणी बारीक हाय" म्हणाले आणि आपणहून पुढे, "पुढच्या जुलैत येऊन बघतो." मी काहीच बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी शब्द मागे घेतला असता.

शनि. १४ फेब्रु.
शेजारची कॅरल कुंपणापाशी थांबली. सत्तरीची, तिच्याकडे हीच झुडपं आहेत. माझ्याकडच्या छाटलेल्या काड्या वाकून बघितल्या. मग हळूच सांगितलं. याला फळ गेल्या वर्षीच्या काडीवर येतं. जुन्या, काळ्या पडलेल्या तेवढ्या बुडातून काढायच्या, नव्या लांबच्या लांब ठेवायच्या. मी नेमक्या नव्याच उडवल्या. यंदा मूठभरही मिळायचं नाही.
"नेक्स्ट इयर, हनी," म्हणाली.

मंगळ. १७ फेब्रु.
बसचा स्टॉप चुकले. डोक्यात तेच. आप्पांना सांगितलं तर म्हणतील, मग पुढच्या वर्षी. नाही सांगितलं तर एवढ्या लांब येऊन नुसता पाला बघतील, आणि आपल्यामुळे फळ गेलं हे त्यांना माझ्यादेखत कळेल. द्राक्षाच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द कुणी मोडत नाही.
बाकी फक्त पाल्यासाठी कोण येतं.

रवि. २२ फेब्रु.
सांगून टाकलं. आप्पांनी आधी जुनी काडी कुठली, नवी कुठली ते विचारून घेतलं. मग म्हणाले, द्राक्षाचं शहाणपण सगळीकडं चालवायला गेलो बघ. आवाज लहान झाला होता.
आणि मग जे नको होतं तेच. "तर मग पुढल्या साली येतो की. फळ असल्यावर."
म्हटलं, "आप्पा, फळ राहू दे. मला तुम्हाला बघायचंय. माझ्या घरात बसून चहा पिताना बघायचंय."
एवढं सरळ मी त्यांच्याशी कधी बोललेले नाही. आमच्यात पाऊस, छाटणी, त्यांचे गुडघे, एवढंच असतं. "बरं," म्हणाले. मग संतोष हाक मारतोय म्हणून फोन ठेवला. मला तरी कुणाची हाक ऐकू आली नाही.

रवि. १ मार्च
मीच फोन केला. संतोषने उचलला. आप्पा बागेत आहेत म्हणाला. तिकडे अंधार पडून गेलेला. अंधारात बागेत काय करणार?

रवि. ८ मार्च
बर्फ वितळतोय, अंगणात चिखल. सकाळी आप्पांचाच फोन. बागेत माल बरा आहे, गुडघा बरा नाही. झुडपांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. तिकिटाचाही नाही. ठेवता ठेवता म्हणाले, "जुलैत तिकडं स्वेटर लागतो का गं? नुसतं विचारून ठेवतोय."
जुलैत इथे पंख्याशिवाय झोप येत नाही. लागतो म्हटलं, रात्री चांगलंच गार होतं, दोन आणा.
"बघतो," म्हणाले.