अनुभवाच्या रकान्यात बोंबील

आये, तू गेलीस त्याला नऊ वर्षं झाली. असतीस तर हे वाचून दाखवावं लागलं असतं आणि मधेच म्हणाली असतीस, "लांबण नको लावू, मुद्द्याचं बोल." मुद्द्याचं असं, की मी एमबीएचा अर्ज भरतोय. हसू नकोस. शाळा नववीत सोडली ती सोडलीच, पण पुढे मुक्त विद्यापीठात नाव घातलं आणि इथे चेन्नईजवळच्या गोदामात माल चढवत-उतरवत पदवी काढली, तीही तिसऱ्या खेपेला. हा कोर्स नोकरी सांभाळून करायचा आहे. उद्या मुदत संपते आणि एकच रकाना उरलाय, कामाचा अनुभव. माझं सगळं त्याच्यावरच आहे, कारण मार्क बघून मला कुणी दारात उभं करणार नाही.

बोईसरला फॉर्म भरून देणारा एक क्लासवाला आहे, त्याला फोन केला. म्हणतो, "भाई, हेल्पर-वेल्पर मत लिखो. टीम लीडर लिखो, बारा आदमी. कौन देखने आ रहा है?" कॉलेजच्या मॅडम मात्र ऑनलाइन माहिती देताना वेगळंच बोलल्या. नुसतं पद आणि नुसती वर्षं आम्ही धरत नाही, म्हणाल्या. तुम्ही स्वतः काय ठरवलंत, त्याने कुणाचं काय झालं, आणि चुकलात तेव्हा काय केलंत, ते लिहा. तारापूरच्या कारखान्यात चार वर्षं, सरावलीच्या एका खोलीत सहा जण, मग इथे चार वर्षं. कागदावर सगळीकडे हेल्परच. पण चूक म्हटल्यावर मला कारखाना आठवला नाही. दातिवऱ्याचं आपलं मासळी सुकवायचं खळं आठवलं.

तू मामाकडे लग्नाला गेली होतीस. बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगलेले, तोंडात तोंड अडकवून, जोडीजोडीने. पाड्यावरच्या पाच बाया कामाला. दुपारी आभाळ येतं, मोबाईल पाऊस दाखवतो आणि मी ओरडतो, "काढा सगळं! ढीग करा, प्लास्टिक टाका!" त्यांच्यातली थोरली म्हणते, "पोरा, वारा उत्तरेचा हाय, आभाळ जाईल. ओलं झाकशील त नासंल." मी म्हणतो, "मालक कोण, तू का मी?" पाऊस आलाच नाही. सकाळी प्लास्टिक उचललं तर आधी वाफ आली, मग वास.

तू परत आलीस, ढिगाकडे बघितलंस. "बाया सांगत होत्या ना? मंग तुजे कान काय वलांडीवर टांगले होते?" मग आवाज खाली आणून म्हणालीस, "मासळी गेली त गेली. बाया येत नाय म्हणतात. जा, एकेकीच्या घरी जा, चुकलो म्हण." मी गेलो. बाया आल्या, हंगाम निभावला.

पुढे तारापूरला साहेबांनी पिंपांची रचना बदलायला सांगितली, तेव्हा मी आधी बिहारी पोरांना विचारलं, "तुम लोग बताओ, फिसलता कहाँ है?" त्यांनी जागा दाखवली, तसं रचलं, पिंपं घसरायची थांबली. हे अर्जात लिहिलंय. हेल्पर असंच लिहिलंय. बोंबीलही लिहिलेत. नाही घेतलं तर दुसऱ्या कॉलेजला टाकीन, मग तिसऱ्या, पण टीम लीडर लिहिणार नाही.

अडलं ते एका वाक्यावर. 'मी पाचही घरी जाऊन माफी मागितली.' तुलाही मी तेच सांगितलं होतं. आये, मी चारच घरी गेलो होतो. थोरली अंगणात तांदूळ पाखडत बसली होती. मी कुडाआडून बघितलं आणि तसाच मागे फिरलो. ती आपणहून कामाला आली, तुझ्याजवळ एक अक्षर बोलली नाही. अर्जात आता 'चार' केलंय. का, तेही लिहिलंय. तुला मात्र तोंडावर कधी सांगितलं नाही.