हळदीचं कुंकू

चाकण,
८ डिसेंबर २०२४

चि. प्रभावतीस दादाचे अनेक आशीर्वाद.

माझ्या कानांना फोनमधली नुसती घरघर ऐकू येते, म्हणून पोस्टमनला कामाला लावतो. आम्ही सारे खुशाल.

नात तनिष्का रोज सकाळी बोट धरून मला विहिरीवर नेते. पाण्यातून वाफ निघते, तर म्हणते, देवानं चहा ठेवलाय. कोळ्याच्या जाळ्यावरचं दव दाखवते आणि मी हात जोडतो. चहूबाजूंनी कंपन्यांच्या भिंती आल्या, मधे आपली एवढीशी विहीर. जन्मभर इथेच राबलो, पण मान वर करून कधी बघितलं नव्हतं. म्हातारपणी पोरीने डोळे दिले बघ.

आणि ऐक. काल काठावरच्या सातीआसरा देवींना हळद वाहिली, वरून विहिरीचं पाणी घातलं, तर डोळ्यांदेखत हळदीचं कुंकू झालं. पिवळीची लालभडक! तनिष्का टाळ्या पिटत नाचली, मी रडलो. आता रोज त्या पाण्याचं तीर्थ घेतो, आधी ती, मग मी. मासे तेवढे दिसेनासे झालेत.

तुझा गुडघा जप. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा,
मारुतराव

थेरगाव,
१३ डिसेंबर २०२४

ती. दादास प्रभावतीचा सा. न.

पत्र आजच मिळालं. देवाच्या चहापाशी हसले आणि पुढचं वाचून ताट बाजूला सारलं. दादा, तू उभ्या जन्मात स्वतःचं धोतर धुतलं नाहीस, म्हणून तुला ठाऊक नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. कुठल्याही बाईला विचार. आपल्या विहिरीत साबणासारखं, सोड्यासारखं काहीतरी जहाल उतरलंय. कुठल्या भिंतीआडून, देव जाणे. मासे त्यानेच गेले.

लगेच जयमालेला फोन केला. सून बिचारी पहिल्या शिफ्टला पहाटेच घर सोडते. म्हणाली, आत्या, मामा आयकत न्हाईत, तीर्थाला नको म्हनलं तर जेवायचे ऱ्हातात. गुडघ्याचे टाके ओले नसते तर मीच रिक्षा करून आले असते.

नळाच्या पाण्यात हळद कालव, मग विहिरीच्या पाण्यात कालव, आणि बघ. हात जोडू नकोस असं मी कुठे म्हणते? पण पोरीच्या तोंडात ते पाणी घालू नकोस, तुझ्या पाया पडते.

रागावलास तरी चालेल, लोभ सोडू नकोस.

तुझी,
प्रभा

चाकण,
१४ डिसेंबर २०२४

चि. प्रभावतीस अनेक आशीर्वाद.

जयमाला तुझं नाव घेऊन काहीतरी सांगत होती. बायकांना उगाच धसका. इथे तर रोज जत्रा भरते. मागच्या खोल्यांमधल्या गोजाबाईला मीच चमत्कार दाखवला, तिने साऱ्या कामगारांना सांगितलं. माणसं बाटल्या घेऊन येतात. तनिष्का आपल्या हाताने प्रत्येकाच्या ओंजळीत तीर्थ घालते आणि देवाला थँक्यू म्हणा असं बजावते.

तिच्या तोंडात जरा फोड आलेत. उष्णता असावी, म्हणून तीर्थ चमचाभर द्यायचो ते आता वाटीभर देतो.

आठवण ठेव.

तुझा दादा,
मारुतराव

पिंपरी,
२० डिसेंबर २०२४

प्रभे, आशीर्वाद.

तुझं पत्र हाती आलं तेव्हा तनिष्काला रक्ताची उलटी झालेली. दवाखान्यातून हे लिहितोय. घसा आतून सोलवटलाय. मी घातलं तिच्या तोंडात. या हातांनी घातलं.

दुपारी नर्सबाईंनी चमचाभर साधं पाणी दिलं. सगळे तिच्या गळ्याकडे बघत उभे राहिलो. ते खाली उतरलं, ती रडली नाही. एक घोट पाणी माणसाच्या घशाखाली उतरतं, हे केवढं आहे ग! मी तिथेच फरशीवर डोकं टेकलं.

सकाळी कपडे न्यायला घरी गेलो होतो. विहिरीवर रांग होती, लेकुरवाळ्या बायका पुढे. मी ओरडलो, बाटल्या ओतून दिल्या, हळद कालवून दाखवली. ती लाल झाली तशी त्यांनी हातच जोडले. गोजाबाई म्हणाली, नातीच्या दुखण्यानं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मग मला बाजूला बसवलं आणि एकीने आपल्या तान्ह्याच्या ओठांना ते पाणी लावलं.

गुडघ्याचं बघू नकोस, ये. बायका बाईचं तरी ऐकतील.

तुझा,
दादा